छिपा गल्लीचं पान

फळ्यावर लिहिलं होतं, पंपघराचं पॅनल बंद केलं की छिपा गल्ली बंद होते. मधुराने ते वाचलं, सवयीने पुन्हा एकदा वाचलं, आणि फोनवर गोपाळला तसंच्या तसं सांगितलं.

"पंपघराच्या पॅनलचा स्विच पाड, कुलूप लाव, किल्ली खिशात ठेव. मगच खांबाचा बॉक्स उघड."

"पाडलं. कुलूप लावलं. किल्ली खिशात," गोपाळ म्हणाला. "आता देवाचं नाव घेऊ का तुमचं, दीदी?"

"हातमोजे घाल, म्हणजे कुणाचंच घ्यायला नको."

तो हसला. गोपाळ नानाखेड्याकडचा लाइनमन. भैरवगढचा माणूस सुट्टीवर होता, म्हणून त्याला आज तिकडे, छिपा गल्लीत, धाडला होता. सकाळी त्या गल्लीतून तक्रार आली होती: रस्त्याच्या दिव्याच्या खांबाला करंट येतोय, ओली चादर खांबाला टेकली आणि एका बाईला झटका बसला. छिपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारे लोक. त्यांच्या गल्लीत दिवस उजाडल्यापासून पाणीच पाणी असतं; धुतलेल्या, रंगवलेल्या चादरी या टोकापासून त्या टोकापर्यंत. असल्या जागी खांबात करंट राहू देणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

गोपाळने फोन बंद न करताच खिशात टाकला असावा. मधुराला गल्ली ऐकू येत राहिली. ठशांची ठकठक. कुणीतरी ओरडलं, "अरे वो चादर उठा ले, भैया काम कर रहे हैं." मग गोपाळ स्वतःशीच पुटपुटला, "मोज्यांनी स्क्रू पकडलाच जात नाही यार." मधुराने तोंड उघडलं, 'मोजे काढू नकोस' म्हणायला, तेवढ्यात फोनमधून एक आवाज आला. तो माणसाचा आहे हे समजायला तिला एक क्षण लागला.

"हाथ मत लगाना! बांबू लाओ, बांबू!"

नंतर बायकांचा कालवा, पळापळ, आणि काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा आवाज.

गोपाळ वाचला. चादरी वाळत घालायच्या कोरड्या बांबूने कुणीतरी त्याचा हात बॉक्सपासून उडवून लावला, म्हणून वाचला. उजवा तळवा भाजून काळा पडला होता, आणि डॉक्टरांनी छातीला तारा लावून त्याला निजवून ठेवलं होतं. हृदयाचे ठोके नीट पडताहेत की नाही ते पाहायला. मधुराला हे सगळं दुपारी कळलं. तोवर ती टावर चौकाजवळच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसून होती, आणि समोर पान तसंच उघडं होतं. पंपघराचं पॅनल बंद केलं की छिपा गल्ली बंद होते. खाली बारीक अक्षरांत: शेवटचा बदल, जयंत चिटणीस.

अमोल हॉस्पिटलमधून परत आला तो घामाघूम. अमोल म्हणजे इथला इंचार्ज. शहरातल्या निम्म्याअधिक रस्त्यांचे दिवे सांभाळण्याचा ठेका ज्या खाजगी कंपनीकडे होता, तिचा उज्जैनचा सगळा भार त्याच्या डोक्यावर. तो आधी पाणी प्यायला, मग त्याने मधुराकडे पाहिलं.

"पंपघर एकटंच पाडायला सांगितलंस?"

"हो."

"अगं, त्या गल्लीला आता दोन बाजूंनी सप्लाय आहे. सिंहस्थाच्या कामांत रस्ता खोदला ना, तेव्हा शाळेकडचं पॅनल जोडलं. एक पाडून काय होतंय? ही गोष्ट तर सगळ्यांना मालूम आहे."

"मला नव्हती."

"भैरवगढच्या ग्रुपवर टाकलं होतं मी. आवाजी मेसेज होता."

"मी तेव्हा बाळंतपणाच्या सुट्टीवर होते, अमोल. ग्रुप सोडला होता. फोन वाजला की रुचिर उठायचा."

"मग विचारायचं होतंस."

"फळ्यावर होतं ना," मधुरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "फळ्यावर लिहिलेलं असताना मी कुणाला काय विचारायचं होतं? फळा आहे कशासाठी मग?"

पलीकडच्या टेबलावर पूजा होती, मधुरासारखीच कंट्रोल रूमवाली, तिच्या सुट्टीत तिचंही काम ओढलेली. ती की-बोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"पूजा, तुला माहीत होतं?" मधुराने विचारलं.

"होतं."

"मग पान का नाही बदललंस?"

"सरांचं पान आहे ते," पूजा म्हणाली.

आता हा फळा काय आणि हे सर कोण, ते सांगायला हवं.

फळा म्हणजे कंपनीच्या आतली वेबसाइट. विकीसारखी: कुणीही पान उघडावं, चूक दिसली तर कुणीही सुधारावी. जयंत चिटणीस यांनी ती सुरू केली. त्याआधी कुठल्या पॅनलवर कुठली गल्ली, हे दोन-तीन म्हाताऱ्या लाइनमनच्या डोक्यात असायचं; त्यातला एक लग्नाला गावी गेला की तो भाग अंधारात. जयंतरावांनी एकेकाला खुर्चीवर बसवलं, बोलायला लावलं, आणि गल्लीगणिक एक पान केलं. पॅनलचा फोटो, कुठलं बटण, कुठे कुत्रा बांधलेला असतो, किल्ली कुणाच्या दुकानात मिळते. चिटणीस घराणं मुळात शिंदे सरकारच्या पदरी पत्रं लिहिणाऱ्यांचं. ते म्हणायचे, "पूर्वजांनी सरकारची पत्रं लिहिली, मी खांबांची लिहितो."

शिवाय दर शनिवारी त्यांचा ब्लॉग असायचा. पहिलं वाक्य ठरलेलं: या आठवड्यात मी काय चुकलो. त्याखाली लाइनमन लोक मोडक्या हिंदीत आपापलं लिहायचे, एकमेकांची खेचायचे, आणि त्या खेचाखेचीत बरंच काही शिकून जायचे. मधुरा कॉलेजातून नवी आली तेव्हा हे सगळं काम तिने त्या ब्लॉगवरूनच शिकून घेतलं. तिने फ्रीगंजच्या एका रस्त्याचं पहिलं पान लिहिलं, मोठ्या हौसेने. दुसऱ्या दिवशी बघते तर जयंतकाकांनी त्यातल्या निम्म्या ओळी बदललेल्या. तिला रडूच आलं. काका डबा खाता खाता म्हणाले, "रडतेस काय वेडे? पान तुझं नाही, रस्त्याचं आहे. उद्या तू माझ्या पानावर बोळा फिरव, मी पेढे देईन."

असे काका. गेल्या वर्षी असाच डबा उघडून बसले असताना त्यांनी टेबलावर मान टाकली ती टाकलीच. मधुराला तेव्हा सातवा महिना होता. घरच्यांनी तिला अंत्यदर्शनालाही जाऊ दिलं नाही. पुढे बाळंतपण, मग लांबवलेली सुट्टी, आणि नुकतीच ती कामावर परतली होती. फळा उघडल्यावर पानापानावर काकांचं नाव दिसलं तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. मधुराचा स्वभावच धास्तावलेला. दूध मनगटावर तीनदा पाहणारी, झोपलेल्या मुलाच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहणारी. कुणी नीट लिहून ठेवलेलं असलं की तिच्या जिवाला थारा मिळायचा. आणि काकांनी लिहिलेलं म्हणजे तर दगडावरची रेघ.

"सरांचं पान म्हणजे काय, पूजा?" तिने विचारलं.

उत्तर अमोलने दिलं. "पान बदललं की खालचं नाव बदलतं. ज्याने बदललं त्याचं येतं. शोभाकाकू रोज बघतात गं. संध्याकाळी दिवा लावला की टॅब घेऊन बसतात आणि नवऱ्याने लिहिलेली पानं उघडतात. त्यांनीच सांगितलं मला, रडत रडत. मग कुणाचा हात होईल? म्हटलं, वर्ष होऊ दे. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, ते झालं की एकदम सगळं अपडेट करू. तोवर तोंडी सांगत होतो ना सगळ्यांना."

मधुराने पान खाली सरकवलं. पानाखाली लोकांनी लिहिण्याची जागा होती. तिथे ओळीने हात जोडलेली चित्रं. 'सर, आप याद आते हो.' 'सर, तुमच्यामुळे शिकलो.' दिवाळीला कुणीतरी पणती ठेवली होती. एवढी माणसं या पानावर येऊन नमस्कार करून गेली होती, आणि त्यातल्या एकानेही लिहिलं नव्हतं की बाबांनो, हे आता खरं नाही.

संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली. गोपाळला औषधाने झोप लागली होती. बाहेर बाकावर त्याची बायको कल्पना बसली होती, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, हातात बिस्किटाचा रिकामा पुडा. मधुराने काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण ते सगळं विसरली.

कल्पनाच बोलली. "दीदी, हे शुद्धीवर आल्यावर पहिलं तुमचंच बोलले. म्हणाले, दीदींना सांग, त्यांची चूक नाही. त्यांनी बरोबर वाचलं."

"मोजे काढले म्हणून..." मधुरा कसंबसं म्हणाली, आणि म्हणताच तिला स्वतःची शरम वाटली.

"ते तर काढतातच. सगळेच काढतात. लाइन बंद आहे म्हटल्यावर काढतात." कल्पनाने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "मी फक्त एवढंच विचारते दीदी. तुमची नाही, यांची नाही. मग कुणाची आहे?"

घरी आल्यावर मधुराने चपलाही न काढता आधी प्लगांवरच्या टेप तपासल्या. रुचिर रांगायला लागल्यापासून तिने घरातल्या खालच्या सगळ्या प्लगांवर टेप लावली होती. अक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "अगं, घर आहे का दवाखाना?" आणि मग तिचा चेहरा पाहून पुढचं गिळून टाकलं. बेडरूममधल्या एका प्लगची टेप अर्धी सुटली होती. कधी सुटली कोण जाणे. आपण ती लावली आहे या भरवशावर मधुरा गेले कित्येक दिवस तिकडे पाहतही नव्हती.

जमिनीवर बसून तिने ती टेप पुन्हा दाबून लावली, आणि रुचिरला उराशी धरलं.

दुसऱ्या दिवशी तिने अमोलला सांगितलं, मी पान बदलते आहे.

"थांब ना थोडं," अमोल म्हणाला. "मी पॅनलवर चिठ्ठी डकवली आहे. खांब दोरी लावून बंद केलाय. महिन्याचा तर प्रश्न आहे."

"बाकीची पानं? काका गेल्यापासून किती रस्ते खोदले गेले, अमोल? किती पानं तोंडी चालली आहेत?"

"तू काकूंच्या समोर उभी राहू शकशील का, ते सांग आधी."

"राहते," मधुरा म्हणाली.

रविवारी ती रुचिरला कडेवर घेऊन नानाखेड्याला गेली. शोभाकाकूंचं घर कॉलनीच्या टोकाला, गच्चीवर तुळस आणि कढीपत्ता. काकूंनी दार उघडलं, मुलाला पाहून चेहरा फुलला.

"अगो बाई, हा तो? ये रे, ये. यांनी तर नावंसुद्धा काढून ठेवली होती तुझ्यासाठी, सगळी पुराणातली. बरं झालं यांचं ऐकलं नाहीस."

पोहे झाले, चहा झाला. रुचिर काकूंच्या चष्म्याशी खेळत होता. कपाटावर काकांचा फोटो, शेजारी तो टॅब, खाली क्रोशाचा रुमाल. मधुराने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर काही मागे ठेवलं नाही. गोपाळ, पंपघर, फोनमधला आवाज, कल्पनाचा प्रश्न.

काकूंचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"म्हणजे यांच्यामुळे झालं म्हणतेस."

"नाही काकू. काकांनी लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. गल्ली बदलली नंतर. आम्ही कुणी..."

"गोपाळ," काकू मध्येच म्हणाल्या. "तोच ना, पांढऱ्या मोटरसायकलवाला? यांना खांदा दिला त्याने. माझा जावई वेळेवर पोचला नव्हता, तर हा पुढे झाला." त्या उठून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा पदराने तोंड टिपत होत्या, आणि टॅब त्यांच्या हातात होता.

"मला एक सांग. यांच्या नावाने नाही का करता येणार? पासवर्ड आहे माझ्याकडे. तोच चालतो अजून, कुणी बंद नाही केला. यांच्या नावाने उघडू, तू काय ते बरोबर लिही. नाव पण राहील, काम पण होईल. कुणाला कळणार आहे?"

मधुराच्या मनात आलं, किती सोपं आहे. कुणी दुखावणार नाही. अमोल सुटेल, पूजा सुटेल, आणि सगळ्यात आधी ती स्वतः सुटेल. 'मॅडमनी सरांचं नाव पुसलं' असं कुणी म्हणणार नाही. तिने टॅब हातात घेतलासुद्धा. पासवर्डाच्या चौकटीत काकू बोटाने एकेक अक्षर दाबू लागल्या. लेकीचं नाव होतं ते.

"काकू, थांबा."

काकूंचं बोट थबकलं.

"खाली नाव असतं ना, ते..." मधुराला शब्द सापडेनात. "मला शंका आली असती, तर मी खालचं नाव पाहून फोन केला असता. ज्याचं नाव, त्याला विचारायचं. त्यासाठी असतं ते. काकांना आता विचारता येत नाही, काकू."

हे बोलून झालं आणि तिला वाटलं, आपण या बाईला पुन्हा एकदा विधवा केलं.

काकू फोटोकडे पाहत नव्हत्या, टॅबकडेही नाही. रुचिर त्यांच्या बांगड्या ओढत होता, आणि त्या ओढू देत होत्या.

"जेवायला घरी येतील, असं वाटायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "संध्याकाळी उघडलं की नाव दिसायचं. म्हणजे ऑफिसातच आहेत, येतील आता. वेडेपणा आहे, मला कळत नाही का?" मग एकदम, थोड्या करड्या आवाजात, "कर. तुझ्या नावाने कर. पण इथे बस आणि माझ्यासमोर कर."

मधुराने आपल्या नावाने पान उघडलं. अमोलने सांगितलं होतं तसं लिहिलं: छिपा गल्लीला दोन बाजूंनी सप्लाय. पंपघराचं पॅनल आणि शाळेचं पॅनल, दोन्ही पाडायची, दोन्हींना कुलूप, मगच बॉक्स उघडायचा. टेस्टरने पाहिल्याशिवाय मोजे काढायचे नाहीत. तिने ते तीनदा वाचलं. मग बटण दाबलं.

पान क्षणभर पांढरं झालं, पुन्हा आलं. खाली तिचं नाव.

काकूंनी चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं. "गेलं," त्या म्हणाल्या.

"गेलं नाही. हे बघा." मधुराने जुन्या आवृत्त्या उघडल्या. जयंत चिटणीस, जयंत चिटणीस, जयंत चिटणीस; एकाखाली एक, तारखांसकट. काकांनी स्वतःच हे पान कितीदा तरी खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. काकू तारखांवरून बोट फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"ही तर पाडव्याची संध्याकाळ आहे. मी ओवाळायला ताट घेऊन बसले होते, आणि हे टावर चौकात मिठाईला गेले ते दोन तासांनी आले. म्हणे गर्दी होती." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "हा खोटारडा माणूस खांबांची पत्रं लिहीत बसला होता."

निघताना त्यांनी रुचिरच्या हातावर साखर ठेवली. दारात म्हणाल्या, "हे पान आता नाही उघडणार मी. बाकीची आहेतच."

बाकीचीही एकेक करून बदलावी लागणार, हे मधुराला माहीत होतं. काकूंनाही माहीत असावं.

सोमवारी ऑफिसात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. फळ्यावर पानाखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सर का नाम हटाने की इतनी जल्दी थी?' आणि त्याखाली दोन-तीन अंगठे. चहावाल्यानेही तिचा कप शेवटी ठेवला, किंवा तिलाच तसं वाटलं. अमोल इंदूरच्या साहेबांशी फोनवर बोलताना दार लावून घेत होता. तिला दिसत होतं, अहवालात कुणाचं तरी नाव लागणार, आणि ते काकांचं नक्कीच नसणार.

गोपाळ घरी आला होता. हात बरा व्हायला वेळ लागणार होता. करंगळी पूर्वीसारखी वळेल की नाही, ते डॉक्टर सांगत नव्हते. छिपा गल्लीचा तो खांब दोरीतच होता. भैरवगढचा लाइनमन सुट्टीवरून परतला, आणि बुधवारी दुरुस्तीला निघाला. त्या दिवशी कॉल पूजाकडे होता. मधुरा शेजारच्या टेबलावर.

पूजाने पान उघडलं. वाचलं. फोन कानाला, तोंड उघडं, आणि मग तिने फोन छातीशी धरला आणि मधुराकडे वळली. त्या सोमवारपासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"हे तू लिहिलंस ना?"

"हो."

"शाळेचं पॅनल म्हणजे कुठलं? तू पाहिलंयस?"

"नाही. अमोलने सांगितलं तसं लिहिलं."

"म्हणजे तू पण तोंडीच."

"हो," मधुरा म्हणाली. "माझं नाव आहे खाली, पण मला माहीत नाही. त्याला थांबव."

पूजाने फोन पुन्हा कानाला लावला. मग फोनमध्ये म्हणाली, "भैया, किसी चीज को हाथ मत लगाना. मैं आ रही हूँ." आणि स्कूटीची किल्ली उचलून निघाली. इतक्या वर्षांत कंट्रोल रूममधलं कुणी कधी खांबापाशी गेलं नव्हतं. अमोल केबिनमधून बाहेर येऊन विचारत राहिला, "कुठे चालली ही? अरे, कॉल कोण घेणार?"

"मी घेते," मधुरा म्हणाली.

पूजाचा फोन आला तेव्हा मागे ठशांची ठकठक ऐकू येत होती. "मधुरा, शाळेपाशी दोन पॅनलं आहेत यार. एक समोर, एक मागे भिंतीला. समोरचं नळाच्या पंपाचं आहे, त्याचा गल्लीशी संबंधच नाही. आपण ते पाडलं असतं आणि लाइन चालूच राहिली असती. मागचं पाडायचं. थांब, फोटो काढते. फळ्यावर टाकते."

मधुरा पानासमोर बसून राहिली. तिने लिहिलेली ओळ तिथे होती, तीनदा वाचलेली, बरोबर वाटलेली. तिने पान पुन्हा उघडलं. ओळ बदलली होती. शाळेच्या मागच्या भिंतीचं पॅनल, हिरवा दरवाजा, वर पिंपळाची फांदी. खाली फोटो. आणि त्याखाली बारीक अक्षरांत: शेवटचा बदल, पूजा.

तिचं स्वतःचं नाव रविवारपासून बुधवारपर्यंत टिकलं. तिला वाईट वाटलं नाही. काका म्हणाले होते, पेढे देईन.

"पूजा," ती फोनवर म्हणाली, "खाली तुझं नाव आलंय. आता तूच सांग त्याला."

"सांगते." पूजा लाइनमनशी एकेक शब्द तोडून बोलली. पंपघर पाडलं. मागचं पाडलं. दोन्ही कुलपं. दोन्ही किल्ल्या माझ्या हातात. टेस्टर लाव. मोजे काढू नको.

फोन चालू होता. मधुराने तो कानाला घट्ट धरला. या वेळी बॉक्सच्या झाकणाचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही. एक चादर दोरीवर फटकन झटकली कुणीतरी.

"बंद है, दीदी," लाइनमन म्हणाला.

मधुराने फोन खाली ठेवला. मग फळ्यावर गंभीर नदीकडे जाणाऱ्या रस्त्याचं पान उघडलं. खाली जयंत चिटणीस. तिने अमोलला हाक मारली, "अमोल, हा रस्ता पण खोदला होता ना? चल, दाखव मला. नुसतं सांगू नकोस."